आडवा खांब

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर असं की किराणावाला यादी परत देऊन म्हणतो, "ताई, तुम्हीच वाचा." त्याबद्दल आधीच माफी मागते. तशी ही वही कुणाला दाखवायची नाही. पण चुकून कुणाच्या हाती लागली तर हसू नये, एवढंच.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या मूळच्या चांदवडकडच्या. तरुणपणी कांद्याच्या चाळीवर कांदा निवडायला जायच्या. नुसता दाबून सांगायच्या, हा आतून गेलाय. पुढे माझ्या मालकांना सातपूरला कारखान्यात काम लागलं आणि आम्ही सगळे नाशिकला वसाहतीत राहायला आलो.

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट आहे. आत्याबाईंना संध्याकाळचं दिसेनासं झालं. चहाचा कप बशीच्या बाहेर ठेवायच्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. यात गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. आम्ही बाहेर पायरीवर बसलो. त्याच म्हणाल्या, "मग मला तेवढी जन्माची जागा बघून येऊ द्या."

जन्माची जागा म्हणजे लुंबिनी, बुद्धाच्या जन्माची. हे समजायला मागचं सांगायला पाहिजे. धर्म बदलला तेव्हा आत्याबाईंनी स्वतःच्या हातांनी देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले होते. गावातल्या बायका हसल्या. म्हणाल्या, आता कुणाच्या पाया पडशील? तुमचा देव कुठला, कुणी पाह्यलाय? आत्याबाई म्हणाल्या होत्या, "देव नाय तो. माणूस हाय. जन्मला, म्हातारा झाला, मेला. त्याची जागा हाय, जाऊन बघता येती." बोलून तर गेल्या. पण जाऊन बघणं काही झालं नव्हतं. आणि आता डोळे चालले होते.

मालकांना कारखान्यातून रजा मिळेना. म्हणून मला पाठवायचं ठरलं. मी तोवर एकटी नाशिकरोडलाही गेले नव्हते. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मी दाराआड व्हायची. मी मालकांना म्हटलं, "मला नाही जमणार." ते म्हणाले, "तुला बोलायचं काय आहे? बस नेते, बस आणते. तू फक्त आईचा हात धर."

दिवाळी झाल्यावर बस निघाली. बहुतेक लोक आमच्यासारखेच होते, कामगार, कारकून, म्हाताऱ्या बायका. यात्रा काढणाऱ्या माणसाला सगळे मॅनेजर म्हणायचे. आमच्या पुढच्या सीटवर शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई होत्या. एकट्या आल्या होत्या. खिडकीशी बसून वाचत असायच्या. मला त्यांची भीती वाटायची, कारण त्या माझ्या शाळेतल्या बाईंसारखा चष्मा घालायच्या.

परदेश म्हणजे काहीतरी मोठं असेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात चौकीवर एक बांबू आडवा होता. पलीकडेही तशीच शेतं, तशाच म्हशी. मॅनेजर म्हणाले, "घड्याळं दहा मिनिटं पुढं करा, नेपाळ आला." बसमध्ये घड्याळं दोघातिघांकडेच होती. आत्याबाई म्हणाल्या, "नशीब, डोळे नाय मागं ठेवायला सांगितले."

पण त्या चौकीवरच आमचा घात झाला. तांदळाची पोती, स्टोव्ह, रॉकेलचे डबे, सगळं खाली उतरवून तपासलं. दुपार तिथंच गेली. लुंबिनीला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. दिवे नव्हते. मॅनेजरांनी बॅटरी लावली. जन्माच्या जागी अशोक राजाने उभा केलेला खांब आहे, त्याच्याभोवती लोखंडी गज होते. लोक पुढे जाऊन पाया पडत होते, किती गुळगुळीत आहे, वर अक्षरं आहेत म्हणत होते. त्रिशरण झालं.

"कुठं हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"हा काय, समोर."

"समोर तर सगळं काळं हाय."

मी त्यांचा हात गजांतून आत घातला. बोटं पोचली नाहीत. मागची बाई म्हणाली, "आजी, सरका की थोडं, आम्हालाही बघू द्या." आत्याबाई सरकल्या.

त्या दिवशी मी हिय्या केला. मॅनेजरांकडे जाऊन म्हटलं, सकाळी ऊन पडल्यावर निघालो तर यांना दिसेल. माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी दोनदा विचारलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ताई, पोखऱ्याचा रस्ता घाटाचा आहे. पहाटे नाही निघालो तर मुक्काम चुकेल. एकीसाठी सगळ्यांना कसं थांबवू? येताना बघू." मी बरं म्हटलं आणि परत आले.

पोखऱ्याला सकाळी सगळे बाहेर येऊन बर्फाच्या डोंगराकडे बघत राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "धोतर वाळत घातल्यासारखं पांढरं दिसतंय, तेच का?" मी म्हटलं, तेच. दुपारी एके ठिकाणी नेलं, तिथं एक ओढा खडकातल्या भोकात पडतो आणि जमिनीत जातो. पुढे कुठे पाणी दिसत नाही. पाणी फार नव्हतं, पण आवाज पायाखालून यायचा. आत्याबाई कठडा धरून ऐकत होत्या.

"गेली कुठं नदी?"

"खाली गेली."

"मग वर कुठं निघती?"

मला माहीत नव्हतं. विचारावं असंही कुणी दिसेना, आणि दिसलं असतं तरी मी विचारलं नसतं. त्या बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. बाकीचे बसमध्ये जाऊन बसले, हॉर्न वाजला, मग आम्ही निघालो.

येताना सीमेजवळ भैरहवा गावात बसच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला. नवा गोरखपूरहून आणायचा होता. मॅनेजर म्हणाले, संध्याकाळपर्यंत काही हलत नाही. लोकांना बरंच झालं. कुणी परदेशी छत्र्या घ्यायला गेलं, कुणी टेपरेकॉर्डर बघायला. आत्याबाईंनी विचारलं, "किती वाजलेत?" सकाळच होती. "म्हणजे आज ऊन हाय," त्या म्हणाल्या. "लुंबिनी इथून किती लांब?"

लांब नव्हती. पण जीपवाला मागत होता तेवढे पैसे माझ्या कमरेच्या पिशवीत नव्हते. मी पिशवी उघडून बघत होते, जणू बघून ते वाढणार होते. तेव्हा पुढच्या सीटवरच्या बाई उठल्या. पर्समधून नोटा काढून माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, "जा. ऊन आहे तोवर जा." मी आभारही मानले नाहीत. मॅनेजर मागून म्हणाले, "पाचला बस सुटेल. परदेशात कुणाला शोधत बसणार नाही मी, आधीच सांगतो."

जीपमध्ये आत्याबाई पुढे वाकून बसल्या होत्या. रस्त्यावरचं झाड, माणूस, जे थोडंफार दिसेल ते मला सांगत होत्या. "सायकल गेली बघ. लाल साडी." मी हो हो करत होते.

लुंबिनीच्या वाटेवर पोलिसांनी अडवलं. कुणी मोठे पाहुणे येणार होते, त्यांचा बंदोबस्त होता. सगळं बंद. ड्रायव्हर उतरून बोलला. मग मी उतरले. मला जेवढं हिंदी येत होतं तेवढं बोलले, "माताजी की आँख जा रही है. पाँच मिनट." तो पोलीस तरुण होता. त्याने जीपकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं. मला वाटलं सोडतो. मग तो त्यांच्या भाषेत काहीतरी हळू बोलला आणि मान हलवली. त्याच्या हातात तरी काय होतं? पलीकडे झाडं दिसत होती, त्यावर चांगलं लख्ख ऊन होतं.

"काय म्हणतो?" आत्याबाईंनी विचारलं.

"बंद आहे."

"कधी उघडंल?"

"संध्याकाळी."

मला वाटलं होतं, तोंड आहे का नाही तुला, असं तरी म्हणतील. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. जीपमध्ये आम्ही तशाच बसून राहिलो. ऊन डोक्यावर येत होतं. मी कधी पोलिसाकडे बघत होते, कधी माझ्या चपलांकडे.

शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, अशोक राजाचा अजून एक खांब आहे, तिथं कुणी अडवत नाही. वेळात परत आणून सोडतो. मी आत्याबाईंना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर काय उत्तर येईल याची मला भीती वाटली. मान हलवली. कच्च्या रस्त्याने बराच वेळ गेलो. एका तळ्याच्या काठी जीप थांबली. गवत होतं, शेळ्या चरत होत्या, आणि गवतात एक लांबलचक दगड आडवा पडला होता. दुसरा तुकडा जमिनीत रुतलेला, थोडाच वर दिसणारा.

ड्रायव्हरने आत्याबाईंचा हात धरून खाली उतरवलं आणि म्हणाला, "माताजी, यही है." माझ्याकडे बघून त्याने हळूच मान हलवली, गप्प राहा म्हणून. त्याला त्यांची दया आली होती. खरं सांगावं तर त्यांचं तोंड बघवणार नाही, आणि नाही सांगावं तर त्या परत जाऊन बायकांना काय सांगतील? मी तिथंच उभी राहिले.

आत्याबाई दगडाजवळ बसल्या. त्यावर हात फिरवत या टोकाहून त्या टोकाला सरकत गेल्या, कांद्याच्या राशीवरून फिरवायच्या तसा. मग म्हणाल्या, "तिथला उभा होता. गज होते हाताला. हा आडवा पडलाय, गवतात." मी ड्रायव्हरकडे पाहिलं. "आंधळी होत चालले, येडी नाय झाले. ही ती जागा नाय ना?"

"नाही, आत्याबाई."

ड्रायव्हर तळ्याकडे बघायला लागला.

"मग कुणाचा हाय हा?"

शेळ्यांमागे एक म्हातारा होता. मी नाही, ड्रायव्हरने त्याला विचारलं. तो म्हणाला, हा भीमसेनाच्या हुक्क्याची नळी. भीम इथं हुक्का ओढायचा, टाकून गेला. ड्रायव्हरने मला ते हिंदीत सांगितलं आणि मी आत्याबाईंना सांगितलं. त्या हसल्या. सगळ्या प्रवासात त्या एवढ्या कधी हसल्या नव्हत्या.

"हितं बी पांडवच? मेले आपल्या आधी पोचून बसलेत."

आमच्या नाशिकची लेणी लोक पांडवलेणी म्हणतात. आत्याबाई लहानपणी तिथं गेल्या होत्या तेव्हा त्यांनाही तसंच सांगितलं होतं, पांडवांनी एका रात्रीत कोरली म्हणून. ती आपल्या भिक्खूंची, हे कळायला अर्धं आयुष्य गेलं.

हसून झाल्यावर त्या पुन्हा हात फिरवायला लागल्या. एका ठिकाणी थांबल्या. डोकं इतकं खाली नेलं की कपाळ दगडाला लागलं. दुपारचं ऊन बरोबर दगडावर होतं. एक डोळा मिटून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"मोर हाय," त्या म्हणाल्या. "मान बघ कशी वळवली." मी वाकून पाहिलं. खरंच दगडावर मोर कोरलेला होता, पुसट. मला त्यांनी दाखवल्याशिवाय दिसला नसता. "दिसतोय मला," त्या म्हणाल्या. मग लगेच म्हणाल्या, "पण मला तिथलं बघायचं होतं." एवढंच. त्यांनी घरून आणलेली मेणबत्ती तिथंच लावली. वाऱ्याने दोनदा विझली. पंचशील म्हटलं. मीही म्हटलं.

बस सुटायच्या आत पोचलो. पुढच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "पाहिलं?" मी मान हलवली, हो म्हणायला का नाही म्हणायला ते माझं मलाच कळलं नाही. मग रस्त्यात आत्याबाईंनीच त्यांना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, तो खांब आपल्या बुद्धाच्याही आधीच्या एका बुद्धासाठी उभा केलेला. आत्याबाईंनी विचार केला. "त्याच्या आधी बी होता का कुणी? मग त्याची जागा तर कुणालाच ठाऊक नसंल." आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

घरी आल्यावर गल्लीतल्या बायका जमल्या. आत्याबाईंना काही जोडून सांगता आलं असतं, कोण विचारणार होतं? पण त्या म्हणाल्या, "जन्माची जागा अंधारात बघितली, म्हणजे नाय बघितली. मोडका खांब बघितला, त्याच्यावर मोर हाय." बायकांना ते विशेष वाटलं नाही. त्यांनी चहा घेतला आणि छत्र्या स्वस्त मिळतात का विचारलं.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत उजवा डोळा गेला, मग डावा. खिडकीकडे तोंड करून विचारायच्या, "उजाडलं का?" मी सांगायची. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

बाईंचे पैसे मालक पगारातून देतो म्हणाले. आत्याबाईंनी ऐकलं नाही. "बघायला मी गेले. पैसे माझे." त्या गोधड्या शिवायला बसल्या. जुनी लुगडी मी जमा करायची, सुया ओवून उशीत टोचून ठेवायची. टाके त्या बोटांनी मोजून घालायच्या, सरळ रेघेत. एक गोधडी विकली की मी नाशिकरोडला जाऊन बाईंकडे पैसे देऊन यायची. एकटी. पहिल्या वेळी दारात उभी राहून कडी वाजवायचा धीर होईना, शेजारणीने वाजवली.

शेवटच्या वेळी आत्याबाई माझ्याबरोबर आल्या. बाईंनी नोटा न मोजता ठेवल्या. आत्याबाई म्हणाल्या, "मोजा, बाई." बाईंनी मोजल्या आणि म्हणाल्या, "फिटले सगळे." आत्याबाईंनी टेबलाच्या कडेवरून एकदा हात फिरवला, मग माझा हात धरला, आणि आम्ही बसस्टॉपकडे निघालो.