खिशातलं खिशात

लाँड्रीवाल्या बाईंचा नियम साऱ्या गल्लीला ठाऊक होता. कपडा मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करायचा, सापडेल ते छोट्या पिशवीत घालायचं आणि इस्त्री झाली की ती पिशवी त्याच कपड्याला पिनेने लावून द्यायची. विचारायचं काही नाही. नाकासमोर चालणाऱ्या मास्तरांच्या कोटात सिनेमाची दोन तिकिटं निघाली, वकीलबाईंच्या जॅकेटात सिगारेटी, आणि एकदा तर कुणाच्या शर्टात चक्क कवळी. तिचा मालक बिचारा तोंड मिटून गावभर शोधत होता. बाईंनी कधी ब्र काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायच्या. लोक कपडे देतात ते मळ काढायला, अब्रू काढायला नव्हे.

बाईंच्या धाकट्या बहिणीच्या मुलाचे शर्ट इस्त्रीला तिथेच यायचे. पोरगा ताडासारखा वाढला तरी नाव बारक्याच राहिलं होतं. बाईंना मूलबाळ नाही, त्यामुळे सगळा जीव त्याच्यावर. शाळा सुटली की तो दुकानात येऊन बसायचा, आणि खिसे उलटे करायचं काम हौसेने अंगावर घ्यायचा. कॉलेजात गेल्यावर येणं कमी झालं.

मग एकदा तो स्वतः जीन्स धुवायला टाकून गेला. खिशात चांदीच्या कागदाची घडी होती, आत गोळ्या. डोकेदुखीच्या गोळ्या कुणी अशा बांधून ठेवत नाही, एवढं बाईंना कळत होतं. पण हात सवयीने चालत राहिले. घडी पिशवीत गेली, पिशवी जीन्सला लागली. बारक्या न्यायला आला, त्याने आधी पिशवीकडे पाहिलं, मग मावशीकडे. बाई चादरीच्या घड्या घालत राहिल्या. वयातला पोरगा, बोलायला गेले तर तोंड दाखवायचा बंद होईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पुढे आणखी दोनदा तसंच झालं, आणि दोन्ही वेळा त्या गप्प बसल्या.

एका सकाळी बारक्या मित्राच्या खोलीवर झोपलेला उठलाच नाही. नशेच्या गोळ्या जास्त झाल्या, असं डॉक्टरांनी सांगितलं.

घर खायला उठतं म्हणून बहीण रोज दुपारी दुकानात येऊन बसू लागली. तिचं एकच पालुपद: मी आई, एका छपराखाली राहिले, आणि मला कळू नये? नवऱ्यानेही तिला तेच ऐकवलं होतं. बाई मान खाली घालून इस्त्री फिरवत राहायच्या. बोलावं तर बहीण कायमची तुटणार, आणि तिच्याशिवाय बाईंना आता होतं तरी कोण? न बोलावं, तर ती नसलेल्या चुकीपायी झुरत मरणार. एका दुपारी ती स्वतःला बोल लावता लावता आपलंच कपाळ बडवू लागली, तेव्हा मात्र बाईंना राहवलं नाही. त्यांनी इस्त्री बंद केली आणि सगळं सांगून टाकलं.

बहीण रडली नाही, ओरडलीही नाही. तिने मशीनकडे पाहिलं.

"जीन्स होती?" तिने विचारलं.

"हो. तिन्ही वेळा तीच."

"ताई, जीन्स आम्ही घरीच धुतो. घरात मशीन आहे."

बाईंना लगेच उमगलं नाही.

"तू खिसे बघतेस हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं गं?" बहीण म्हणाली. "तो विसरला नव्हता. मला सांगायची हिंमत झाली नसेल, म्हणून तुझ्याकडे आणून टाकत होता."

आपण पोराचं गुपित राखलं, निदान तेवढं तरी त्याच्यासाठी केलं, असं बाई इतके दिवस स्वतःला सांगत आल्या होत्या. त्या तिथेच धुण्याच्या ढिगावर बसल्या आणि ढसाढसा रडू लागल्या. बहीण त्यांच्याजवळ आली नाही, पण उठून गेलीही नाही.