गिअरबॉक्सवरची दुसरी ओळ

दुसऱ्या ओळीत काय लिहिलं होतं?

हे मी युर्गनला विचारलं, जोगळेकरकाकांना विचारलं, वहिनींना विचारलं. कोणीच सांगितलं नाही. सांगणार कुठून? कोणी वाचलंच नव्हतं! ते कसं, ते येईलच पुढे. मला एका जागी बसून सरळ सांगता येत नाही. आमचे हे किस्से गॅरेजमधल्या बोल्टांच्या डब्यासारखे आहेत. डबा कोणी भरत नाही, तरी भरतो. आणि हवा तो बोल्ट कधीच वर नसतो. हात घालतो, लागेल तो काढतो.

माझा दादा वोल्फ्सबुर्गला इंजिनिअर. मी कराडला नववीतून शाळा सोडून ट्रकच्या गॅरेजात लागलेला. उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर दादाकडे जायचो. शहराबाहेर एका गावात युर्गन नावाच्या म्हाताऱ्याची शेड होती. तिला सगळे हाले म्हणत. दर शनिवारी दादा ऑफिसचे कपडे विसरून तिथे गाडीखाली पडलेला असायचा.

काम एकच. जुने अमेरिकन पिकअप ट्रक, सहा सिलिंडरचे, हौशी लोक जर्मनीत आणतात. त्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पन्नास वर्षांत कोणी कोणी बदललेले असतात. कागदावर एक, गाडीखाली दुसराच! आणि कुठला आहे ते कळल्याशिवाय तेल गळू नये म्हणून लावतात ते साधं गॅस्केटसुद्धा मागवता येत नाही. मग लोक दादाकडे यायचे. दादा खाली सरकायचा, गिअरबॉक्सच्या तळाला तेलाचा पॅन असतो त्याच्या कडेवरून बोटं फिरवायचा, बोल्ट मोजायचा, पिवळ्या खडूनं पॅनवर नाव लिहायचा आणि बाहेर यायचा.

*

नावांचं ऐका. खरी नावं म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकडे. माझ्या डोक्यात एक राहायचं नाही. पहिल्याच महिन्यात मी दोनदा चुकीचं सील काढून दिलं.

दादा ओरडला नाही. म्हणाला, "बाळू, नातेवाईक लक्षात राहतात ना?"

रुंद, चौदा बोल्टांचा, सारखा कुरकुरणारा: तो आत्या. ओतीव लोखंडाचा, जड, कशालाच घाई नसलेला: तो मामा. अॅल्युमिनियमचा, चकचकीत आणि आतून नाजूक: जावईबापू.

आणि एक होता छोटा. हलका, पटकन तापणारा, पण कितीही हाल केले तरी गाडी रस्त्यात न सोडणारा. दादानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "हा धाकटा."

*

युर्गन मूळचा ट्रॅक्टरचा मेकॅनिक. त्यालाही ही नावं सोपी वाटली. एकदा दादा ऑफिसच्या कामाला बाहेरगावी, आणि उंटरश्लाइसहाइम गावचा एक साहेब पिकअप घेऊन हजर. युर्गननं खाली बघितलं, दादानंच नाव लिहून ठेवलंय असं तोंड केलं आणि जाहीर केलं, "आत्या. गेनाऊ. शंभर टक्के आत्या!"

साहेबानं वहीत लिहून घेतलं. दोन आठवड्यांनी त्याचा दादाला फोन. बर्लिनपासून अमेरिकेपर्यंत सगळ्या दुकानांना विचारलं, आत्याचं गॅस्केट कोणाकडेच नाही!

दादा गंभीरपणे म्हणाला, "आत्यांचे पार्ट मिळत नाहीत. सांभाळून घ्यायचं असतं."

*

मामाला पार्किंगचा गिअरच नव्हता. ऑटोमॅटिक गाडी उभी केली की दांडी P वर टाकायची, मग चाकं हलत नाहीत. पण त्या जुन्या मामाच्या दांडीवर P नाहीच! खरं तर तीच त्याची पहिली ओळख. पण नवीन माणसाला कोण सांगणार?

मी मात्र कुठलीही गाडी उभी राहिली की मागच्या चाकाला दगड लावायचो. कराडची सवय. दादा चिडवायचा, "अरे, हा काय घाट आहे का? जर्मनी आहे! ऑटोमॅटिकला दगड लावणारा तू जगात पहिला."

एका शनिवारी एकानं मामावाला ट्रक हालेच्या उतारावर उभा केला आणि कॉफी प्यायला आत आला. खिडकीतून आम्हाला ट्रक मागे सरकताना दिसला. खाली युर्गनच्या बायकोची गुलाबाची झाडं. युर्गन पळाला, दादा पळाला, दर शनिवारी पेपर घेऊन येणारे जोगळेकरकाका पासष्टीचे, तेही पळाले. ट्रक हातभर गेला आणि खट्कन थांबला.

दगड!

युर्गन त्या दगडापाशी गेला. मग त्यानं तो उचलला, पुसला आणि स्पॅनरच्या भिंतीवर त्याच्यासाठी वेगळी फळी ठोकली.

*

माझं स्वतःचं काम होतं कागद कापायचं. आई कराडला ब्लाउज शिवते. बायकांच्या मापाचे कागद कापून, टोचून खिळ्याला लावते. मी तेच केलं. दुरुस्तीला खोललेला प्रत्येक पॅन टेबलावर उताणा ठेवायचा, वरून वर्तमानपत्र दाबायचं, कडेनं पेन्सिल फिरवायची, बोल्टांची भोकं मारायची, कापायचं आणि भिंतीला लावायचं. पुढचा पॅन खोलला की त्याचा कागद भिंतीवरच्यांशी जुळवून बघायचा. मला कॅटलॉग वाचता येत नव्हता, पण माझा कागद चुकायचा नाही.

वर्तमानपत्र जोगळेकरकाकांचं. चाळीस वर्षं जर्मनीत, तरी शनिवारचा पेपर वाचल्याशिवाय त्यांना चैन नसे.

"आल्झो, हे बघ बाळू, माझी अर्धी बातमी आत्याच्या पोटात गेली! त्या मंत्र्याचं पुढे काय झालं?"

"काका, मंत्री जावईबापूच्या मागच्या बाजूला असेल. बघा."

आणि काका खरंच भिंतीपाशी जाऊन कागद उलटून वाचायचे!

*

आता ते सांगतो.

मार्चमध्ये दादा गेला. छत्तीस वर्षांचा. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडता उघडता. मी कराडला एका ट्रकचा क्लच काढत होतो.

व्हिसा मिळून मी पोचलो तोवर सगळं होऊन गेलं होतं. घरात बसवेना. वहिनी चहा ठेवायच्या, मी कप घेऊन उभाच. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून हालेवर गेलो. कोपऱ्यात दादाची स्वतःची पिकअप उभी होती. हिरवी, सहा सिलिंडरची, गिअरबॉक्स गळणारा. कुठला ते त्यालाही बरेच महिने सापडत नव्हतं.

मला हातांना काहीतरी पाहिजे होतं. तारेचा ब्रश घेतला, गाडीखाली शिरलो आणि पॅन घासायला लागलो. तेल, माती, गंज, सगळं. डोळ्यांत काय गेलं होतं कोण जाणे, समोरचं दिसत नव्हतं. तासाभरानं पॅन आरशासारखा झाला.

युर्गन आला, वाकून पॅन बघितला. त्यानं फळीवरचा पिवळा खडू उचलून मला दाखवला. मग बोटांनी हवेत लिहिल्यासारखं केलं. एक ओळ. खाली आणखी एक ओळ. मराठीतलं, त्याला वाचता न येणारं.

शेवटच्या शनिवारी दादा गाडीखालून हसत बाहेर आला होता. लिहून ठेवलंय म्हणाला होता. पुढच्या शनिवारी सगळ्यांना सांगणार होता. आणि मी ते घासून टाकलं होतं.

नाव एका ओळीचं असतं. दोन ओळी त्यानं कधीच लिहिल्या नव्हत्या.

*

घरी येऊन मी वहिनींना सांगून टाकलं. चपला काढायच्या आधी, दारातच. मला पोटात ठेवता येत नाही.

वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दुसरी ओळ दूध आणायची असेल. ह्यांचं काय! एकदा ऑफिसच्या ड्रॉइंगवर 'कोथिंबीर' लिहून पाठवली होती."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"बाळू, गाडी विकायची आहे. बर्लिनचा एकजण घेतोय. ट्रेलर आणतो म्हणाला. मी नाही म्हटलं."

"का?"

"ह्यांना झोपवून नेलं. गाडी तरी चालत जाऊ दे."

या वेळचा माझा व्हिसा नऊच आठवड्यांचा होता.

*

नऊचे तीन झाले तरी गिअरबॉक्स कुठला ते कळेना. बोल्ट चौदा. आत्याला चौदा, धाकट्यालाही चौदा. पॅन खोलू देईना युर्गन. गॅस्केट जुनं, निघताना फाटणार, आणि नवीन कुठलं मागवायचं ते माहीत नाही! म्हणून मी गाडीखाली उताणा पडून खालूनच कागद दाबला, तेलकट बोटानं कड उमटवली, कापला. भिंतीवरच्या एकोणीसही कागदांवर ठेवून बघितला. कुठेच बसेना. एक कोपरा छाटलेला, तो प्रत्येक वेळी नको तिकडे यायचा.

मी कागद चुरगाळायचो, पुन्हा नवीन कापायचो. काका म्हणाले, "जरा बस. माझा पेपर संपत आला."

"बसून होणारे का?"

रविवारी आईचा स्काइप असायचा. आई दादाचं नाव काढायची नाही, मीही नाही. आम्ही भाजीबद्दल बोलायचो. त्या दिवशी कागद माझ्या हातातच होता.

"ते काय कापलंयस?"

"काही नाही. गाडीचं आहे."

"वर धर. अजून वर." आई चष्मा लावून स्क्रीनच्या जवळ आली. "कशावर ठेवून काढलंस?"

"ठेवून नाही. खालून दाबून."

"आणि बाकीचे?"

"वरून."

"म्हणजे दोन डाव्या बाह्या केल्यास! लहानपणी पाटलीणबाईंच्या ब्लाउजला हेच केलं होतंस, पिवळा खण होता तो. पालथा घाल मेल्या कागद!"

मी स्काइप तसाच चालू ठेवून सायकलवर पळालो. आई म्हणे, वीस मिनिटं रिकाम्या खुर्चीशी बोलत होती.

कागद पालथा घातला. अकराव्या खिळ्यावर अलगद बसला. भोकाला भोक. वर दादाच्या अक्षरात नाव होतं.

धाकटा.

मी खाली बसलो. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा.

*

गॅस्केट आणि सील बर्लिनहून आठ दिवसांत आली. युर्गननं आणि मी गिअरबॉक्स बांधला, तेल भरलं. माझं विमान रविवारी पहाटे. बर्लिनचा माणूस शनिवारी दुपारी येणार होता, पैसे देऊन गाडी चालवत नेणार होता.

शनिवारी सकाळी वहिनी पहिल्यांदाच हालेवर आल्या. साडी नेसून आल्या होत्या. युर्गननं टोपी काढली. काकांनी पेपरची घडी करून ठेवली.

"तू चालव," वहिनी म्हणाल्या आणि शेजारी बसल्या.

इंजिन सुरू झालं. मी दांडी D वर टाकली. एक क्षण काहीच नाही. मग पाठीला हलका धक्का बसला आणि गाडी निघाली. युर्गन टाळ्या वाजवत बाजूनं चालत होता. काका ओरडत होते, "गेली! गेली! जा!"

हालेच्या दारातून ऊन आत आलं, वहिनींच्या मांडीवर पडलं. पुढची चाकं बाहेर गेली.

"थांबव," वहिनी म्हणाल्या.

थांबवली. त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या. इंजिन चालू होतं.

"मागे घे."

"वहिनी?"

"जिथे होती तिथे घे, बाळू."

मी R टाकला. गाडी जशी आली तशी मागे गेली, दादाच्या कोपऱ्यात, जमिनीवरच्या तेलाच्या त्याच डागावर. वहिनी उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "काका, त्या बर्लिनवाल्याला फोन करा. येऊ नका म्हणावं."

काकांनी फोन काढला.

मी दांडी P वर टाकली, किल्ली काढून वहिनींच्या हातात दिली. मग भिंतीपाशी जाऊन फळीवरचा दगड उचलला.

युर्गन म्हणाला, "P वर आहे ना?"

"हो," मी म्हटलं आणि खाली बसून मागच्या चाकाला दगड लावला.