सदूच्या विहिरीतली कोरडी बादली

“दादा, दोर सोडू नकोस! अरे, हात सोलून निघतील!” सदू ओरडत होता. ओसरीवरून आई ओरडत होती, “विन्या, कंबर धरेल रे!” आणि मी… दोन्ही पाय विहिरीच्या कठड्याला टेकवून, आत म्हैस पडलीय आणि तिला एकट्याने वर काढतोय असा दोर ओढत होतो. शेवटी बादली वर आली. कठड्यावर आदळली. मी आत पाहिलं.

कोरडी!

रिकामी नाही म्हणत मी, कोरडी म्हणतोय. तळाला बोट फिरवलं तर बोटाला धूळ लागली. आणि खाली पाण्यात पडल्याचा ‘डुबुक’ आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला होता.

आता ओळखीतले म्हणतील, विनायकराव परत सुरू झाले. कबूल. मी सांगायला घेतलेला उंदीर गोष्ट संपेपर्यंत बोक्याएवढा होतो. पण भूतखेत हा आपला प्रांत कधीच नव्हता. तीस वर्षं झाशीच्या रेल्वे वर्कशॉपात काढली – कुठलीही वस्तू कशाने चालते ते स्क्रू काढून बघितल्याशिवाय माझ्या गळी उतरत नाही. तेव्हा जिथे मी वाढवीन तिथे स्वतःच सांगीन. बादलीचं मात्र एक अक्षर वाढवलेलं नाही.

सदू माझा धाकटा भाऊ. माझे जुने शर्ट घालून वाढलेला. सहा वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून झाशी जिल्ह्यातच गरौठा गावाच्या बाजूला तीन एकर घेतले आणि बायकोला घेऊन तिथे राहायला गेला. ऑफ-ग्रिड म्हणे, सरकारी वीज नको! छपरावर सोलर प्लेटा, चुलीला गोबरगॅस, दोन गायी, गहू-डाळ-भाजी घरची. दुकानातून फक्त मीठ आणि चहा. मी अख्ख्या झाशीत सांगून ठेवलं होतं – बघा, सहा महिन्यांत परत येतो. तर त्याचे टोमॅटो नारळाएवढे झाले! (इथे वाढवलंय. मुठीएवढे.) त्या टोमॅटोंकडे बघूनसुद्धा माझ्या पोटात दुखायचं.

तरी टोमॅटो सहन केले असते. पण होळीनंतर आई त्याच्याकडे आठ दिवसांसाठी म्हणून गेली आणि दोन महिने झाले तरी येईना. बावीस वर्षं ती माझ्याकडे, झाशीतल्या ओरछा गेटच्या घरी राहिली. खास तिच्यासाठी एसी बसवला. आणि फोन केला की काय ऐकायचं? “आता गाय व्यायचीय.” “आता मूग तोडायला आलेत.” शेवटी मे महिन्यातल्या एका रविवारी मीच तिचे कपडे भरायला मोठी पिशवी घेऊन निघालो. आज आईला घेऊनच यायचं!

पोचलो तर ओसरीवर आई शेंगा सोलत बसलेली. रंग रापलेला, गाल वर आलेले. सदूने काहीतरी विनोद केला आणि ती पदर तोंडाला लावून हसली. मंडळी, तो विनोद मूळ माझा होता! माझ्या तोंडून ऐकताना ती कधी एवढी हसली नव्हती.

मी ठरवलं, याचं पितळ उघडं पाडायचं. नक्की कुठेतरी कटिया टाकली असणार – विजेच्या तारेवर चोरून आकडा टाकतात त्याला आमच्याकडे कटिया म्हणतात. भर उन्हात सगळं कुंपण पालथं घातलं. चिमण्या भाजून झाडावरून पडत होत्या. (एक पडली. तीही उडून गेली.) तार सापडली नाही. जवळचा खांबच कोसभर लांब.

मग विहिरीपाशी आलो. मे महिन्यात आजूबाजूच्या विहिरींचे तळ दिसतात, आणि याच्या विहिरीत खाली पाणी लखलखतंय. “पंप नाही?” विचारलं. “प्यायचं पाणी हाताने काढतो,” सदू म्हणाला. मी बाह्या सरसावल्या. आईला कळू दे, जोर कुणाच्या हातात आहे ते.

लिंबाखाली परसू कक्का बसले होते. जमीन त्यांच्याचकडून घेतलेली. म्हणाले, “भैया, पैली बाल्टी अपने लाने नईं खेंचो। काऊ के नाम की खेंचो।” तिथली रीतच तशी. पहिली बादली स्वतःसाठी काढायची नाही, दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्यायचं.

“कक्का, प्यास मुझे लगी है, तो नाम भी अपना ही लूँगा ना!” मी म्हटलं. आणि ती कोरडी बादली वर आली.

बादली उलटीपालटी करून पाहिली. माठातलं पाणी ओतून पाहिलं – थेंब गळला नाही. सदूने दोर घेतला, “दादाच्या नावाची,” म्हणाला आणि गप्पा मारत मारत बादली वर काढली. काठोकाठ! माझ्या बुटांवर सांडली. जीभ टाळूला चिकटली होती, पण त्यातला घोटही मी घेतला नाही.

“आण इकडे!” दोर हिसकावला आणि ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “आईच्या नावाची!”

डुबुक. ओढली. जड, भलतीच जड… वर आली. कोरडी.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आईचे शेंगा सोलणारे हात तेवढे थांबले.

मी तरातरा ओसरीवर गेलो. “आई, माझ्याकडे तुला काय कमी होतं?”

“कमी काही नव्हतं रे. कामच नव्हतं. तू ड्यूटीवर, सूनबाई शाळेत. दिवसभर मी आणि तुझा एसी.” मग ओसरीत टाकलेल्या माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, “मोठी पिशवी आणलीस, बरं केलंस. भाजी ने तिच्यातून.”

म्हणजे ती येणार नव्हती. पिशवी पायाने कोपऱ्यात सरकवली. मग परत विहिरीवर गेलो. का गेलो, विचारू नका. बादली सोडली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटलो, “सदूच्या नावाची.” दात आवळलेलेच होते, खोटं कशाला बोलू?

बादली हलकी लागली. वर आली तर तळाशी पाणी. चार तांबे. बस, चार. सदूने ओंजळीने प्यायलं, “गार आहे, दादा,” म्हणाला आणि उरलेलं माझ्यापुढे धरलं. या वेळी मी प्यायलो.

तेव्हापासून डोकं खाजवतोय. वर्कशॉपातला एक जण म्हणतो, उन्हाने वाफ झाली. भरलेल्या बादलीची? वीस हात वर येईपर्यंत? आणि सदूची बादली काय सावलीत होती? दुसरा म्हणतो, तुला ऊन लागलं होतं. मग आईला आणि कक्कांनाही लागलं होतं का?  कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा, फक्त बादली फुटकी होती एवढं म्हणू नका.

निघताना दुधीभोपळ्यांनी भरलेली पिशवी खांद्यावर घेऊन मी आईच्या पाया पडलो आणि हळूच विचारलं, “आई, खरं सांग, त्या विहिरीत आहे तरी काय?”

आईने सुपातून मान वर केली नाही.

“पाणी आहे.”