काकांच्या विमानातला ट्रान्सपॉन्डर

सात वर्षं मी एका मिक्सरचा डूख धरून होते.

झालं असं. लग्न करून नागपूरहून अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला आले. नवरा इथल्या गाड्यांच्या कंपनीत, माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, पण व्हिसा असा की घरीच बसायचं. वर्क परमिट हातात पडलं त्या महिन्यात मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या जेवणात मी एका काकांना गाठलं. ते रिटायर्ड इंजिनिअर, स्वतःचं चार सीटचं विमान बाळगणारे, त्यामुळे मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. विमानातली उपकरणं दुरुस्त करतात तशा एखाद्या वर्कशॉपमध्ये माझ्यासाठी शब्द टाकाल का, असं विचारलं. भरल्या टेबलावर ते म्हणाले, "अगं, विमान म्हणजे मिक्सर नाही, जार बदलला की झालं! तू लायब्ररीत व्हॉलंटियर कर ना, मस्त टाइमपास होईल." सगळे हसले. माझा नवराही हसला. त्याला मी पुढे माफ केलं, काकांना नाही.

ॲन आर्बरजवळच्या एका छोट्या विमानतळावर मी स्वतःच काम मिळवलं. दोन वर्षं नुसत्या तारा सोलल्या. मग हळूहळू बॉसने मला माझ्या सहीवर विमान सोडायची परवानगी दिली. मी सही केली की काम पक्कं, कुणी पुन्हा तपासणार नाही. या देशात मी स्वतः कमावलेली तेवढी एकच गोष्ट होती.

गेल्या वसंतात काकांचं विमान आमच्याकडे आलं. मला बघून ते म्हणाले, "अरे वा, तू इथे? कॉफी कुठे मिळते गं?" मी मशीन दाखवलं आणि कामाला लागले.

त्यांना नवा ट्रान्सपॉन्डर बसवायचा होता. हा डबा जमिनीवरच्या रडारला आणि आसपासच्या विमानांना सतत सांगत असतो, मी अमुक, मी इथे आहे. पण 'इथे' म्हणजे कुठे हे त्याला स्वतःला ठाऊक नसतं, ते जीपीएसच्या डब्याकडून तारेतून येतं. आणि नुसती तार जोडून भागत नाही. कुठल्या पोर्टवर, कुठल्या पद्धतीने बोलायचं हे दोन्ही डब्यांच्या सेटिंगमध्ये जुळवून भरावं लागतं. नाहीतर एक बोलत राहतो आणि दुसरा ठार बहिरा. शिवाय प्रत्येक विमानाचा सरकारने दिलेला आकड्या-अक्षरांचा कोड असतो, तोही भरायचा. मी सगळं भरलं, तपासलं, सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि सही केली.

तीन आठवड्यांनी काकांचा फोन बॉसला. कंट्रोल टॉवरने त्यांना सांगितलं होतं की तुमच्या विमानाची जागा आम्हाला दिसत नाही. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही त्यांनी लिहून टाकलं, "आपल्या मुलीला काम दिलं, तिने सेटिंगमध्ये घोळ घातला. यापुढे विचार करू." बॉसने मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, चूक तुझी निघाली तर तुझी सही बंद.

विमान परत आलं. मी सेटिंग उघडलं आणि मला हसूच आलं. जीपीएसचं पोर्ट कुणीतरी बंद केलं होतं. कुणीतरी म्हणजे कोण? बटण दाबून धरत डबा चालू केला की सेटिंगची पानं उघडतात, हे काकांनी एका व्हिडिओत बघितलं असणार. माकडाच्या हाती कोलीत. माझा फोटो बॉसला दाखवला असता तर दोन मिनिटांत विषय संपला असता. पण मला तो संपवायचा नव्हता. मला ते काकांच्या तोंडून ऐकायचं होतं, तेही माणसांसमोर.

सकाळी हँगरमध्ये काकांना मी पायलटच्या सीटवर बसवलं. शेजारी मी, हातात फोन. दाराशी बॉस, हातात विमानाच्या नोंदणीचा कागद. "काका, एकेक पान मोठ्याने वाचा," मी म्हटलं. ते वाचत गेले. पोर्टचं पान आलं. "ऑफ," काका म्हणाले. मी फोटो त्यांच्या नाकासमोर धरला. बॉसने विचारलं, तुम्ही इथे हात लावला होता का? "आयपॅडवर आसपासची विमानं दिसायला हवी होती... जस्ट ट्राय केलं," काका इंग्रजीत पुटपुटले. त्यांचे कान लाल झाले होते. मला फार फार बरं वाटलं.

बॉस म्हणाला, झालं, आता नीट कर. तिथेच थांबायला हवं होतं. पण सात वर्षांची भूक एका घासाने भागते का? मी म्हटलं, "नाही, सगळी पानं होऊ देत."

पुढचं पान कोडचं. काका खालच्या आवाजात वाचत होते, बॉसचं बोट कागदावर सरकत होतं. शेवटी काका म्हणाले, "नाइन." बॉस म्हणाला, "वन." पुन्हा वाचलं. पुन्हा तेच.

मी फोटो बघितला. फोटोतही नऊ. शाळेपासून मी आकडे मराठीत लिहिते. कागदावरचा कोड घाईत डायरीत उतरवताना माझा १ असा काही वळला की पुढे मीच तो ९ वाचला. तपासतानाही कागद उघडला नाही, डायरीच समोर ठेवली. तीन आठवडे काकांचं विमान परका कोड घेऊन उडत होतं.

बॉसला फोटो दिसला नव्हता. काकांना दिसला होता. ते मराठीत हळूच म्हणाले, "फोन खिशात ठेव. हेही माझ्याच हातून झालं असं सांगतो. मी तर सापडलोच आहे, तुझी नोकरी कशाला जायला हवी?"

त्यांनी टोमणा मारला असता तर चाललं असतं. पण आवाजात खरीखुरी माया होती, आणि त्यानेच माझं डोकं फिरलं. या माणसाचे उपकार डोक्यावर घेऊन जन्मभर मंडळात जेवायचं? मी फोन बॉसच्या हातात दिला. म्हटलं, "ही चूक माझी आहे."

नवरा म्हणतो, तू प्रामाणिक. कसला डोंबलाचा प्रामाणिकपणा! काकांना मोठं होऊ द्यायचं नव्हतं, बस.

माझी सही वर्षभरासाठी गेली. आता माझ्या प्रत्येक कामाखाली दुसऱ्याची सही असते. काकांनी ग्रुपवर स्वतःची चूक कबूल केली, माझ्याबद्दल अवाक्षर नाही. त्याखाली मीच माझी चूक लिहिली.

यंदाच्या संक्रांतीला त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, तो मिक्सर आठवतो का?"

त्यांनी जरा विचार केला. "कुठला गं? बिघडलाय का? घेऊन ये घरी, बघतो मी."

तिळगूळ मी खाल्ला. गोड मात्र काही बोलले नाही.