पऱ्हाटीची काडी आणि रुईचा पुंजका

दारव्ह्याच्या गोदामाची हवाबंदी मी तपासली, हे खरं. तिथली गळती मी शोधली, हे खोटं. अहवालात मात्र मी तसंच लिहिलं. ती दुरुस्ती आता करतो.

कापसाला कोणी विचारत नव्हतं, त्या वर्षांतली गोष्ट. गाठी ठेवायचं गोदाम रिकामं पडलं म्हणून धान्याला दिलं. धान्यात कीड होऊ नये यासाठी विषारी वायूच्या गोळ्या ठेवायच्या, तर इमारत हवाबंद हवी. दारात पंखा बसवून मी आत हवा भरली, दाब मोजला. काटा मर्यादेत होता. मी ‘योग्य’ असा शेरा लिहायला घेतला.

तिथं झाडलोट करणारी बाई मागच्या भिंतीला लागूनच्या खोलीत राहायची. ती म्हणाली, “साहेब, हवा किती जाते थे मशीननं सांगतलं. जाते कुठून?”

“थोडीशीच जाते, मावशी.”

“थोडीशीच! अन् माह्याच घरात गेली तं? पोरींची खाट त्या भितीलेच लागून हाय जी. तुमच्या मशीनले डोये नाहीत.”

मी चिडलो, पण पंखा चालू ठेवला. तिनं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काडीला रुईचा, सरकी काढलेल्या कापसाचा, पुंजका बांधला आणि आतून भिंतीच्या कडेनं फिरवत गेली. मागच्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर, पुंजका ओढला जाऊन भिंतीला चिकटला. बोटभर फट होती. पलीकडे पोरींची खाट. यंत्र सगळ्या इमारतीचा मिळून एक आकडा देत होतं; त्यातली बहुतेक हवा तिच्या घरात जात होती.

फट बुजवली, पुन्हा मोजलं, मगच गोळ्या ठेवल्या. पोरींना साधी मळमळही झाली नाही.

पुढे तीच रीत मी नव्या निरीक्षकांना ‘माझी पद्धत’ म्हणून शिकवली. एकदा त्याच गोदामात शिकवताना ती दारातून ओरडली, “साहेब, पुंजका लहान धरा! मोठा हालत नाही.” सगळे हसले. मीही हसलो, आणि ‘माझी पद्धत’ पुढे शिकवत राहिलो.

त्यानंतर कितीतरी गोदामं मी आधी यंत्रानं, मग रुईनं तपासली. कुठंही शेजारच्या घरात वायू शिरला नाही. याचा मला आजही अभिमान वाटतो, आणि तो तिच्या नावचा आहे.

पुंजका लहानच धरावा. हेही तिनंच सांगितलेलं.