मधलं टेबल

गरम चिप्सवर व्हिनेगर पडलं की त्या आंबूस वासासरशी मला अजून तो डायनिंग हॉल दिसतो.

इंग्लंडमध्ये, लँकेशायरमधल्या आमच्या गावात दोन शाळा होत्या, एक गोऱ्या मुलांची, एक पाकिस्तानी मुलांची. तसा नियम काही नव्हता, वस्त्याच तशा होत्या. मी अकरा वर्षांची असताना कौन्सिलने दोन्ही बंद करून एकच नवी शाळा काढली आणि सगळ्यांना गणवेशाचे जांभळे जंपर, म्हणजे स्वेटर, चढवले.

पहिल्या सकाळी वेणी घालताना आई म्हणाली, "तुझ्या आजीला वर्गाच्या दाराबाहेर बसवायचे. तू कडेला बसायचं नाही. मधोमध बस."

दुपारी ट्रे घेऊन पाहिलं, तर खिडकीकडे सगळे गोरे, दाराकडे सगळे पाकिस्तानी. मधली टेबलं रिकामी होती. मी आईचं ऐकलं. चिप्स गार झाल्या, तरी वाटत होतं, कुणीतरी येईल. जेवण वाढणारी डिनर लेडी तेवढी आली, "यू ऑल राइट, लव्ह?" म्हणाली आणि माझ्यासमोरची रिकामी जागा पुसून गेली. जागा मिळाल्यानंतर काय करायचं, हे आईलाही कुणी सांगितलं नव्हतं, हे आता कळतं.

घरी पोचताच आईने विचारलं, "कुठे बसलीस?"

"मधोमध."

तिने तिथल्या तिथे नागपूरला फोन लावला. "जयभीम आई! पोरगी मधोमध बसली!"

मग फोन माझ्या कानाला लागला. आजी रडत होती. "शेजारी कोण कोण होतं गं?"

"सगळे होते, आजी," मी म्हणाले.