चप्पल, अपस्मार आणि एक आभारपत्र

आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला, ऐन आरतीत, माझ्या मुलीला फिट आली. अशा वेळी आपल्या लोकांचा एक ठरलेला इलाज असतो: चप्पल काढून नाकाशी धरायची. त्या दिवशी ती समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती काकूंनी धरली. मागून कोणीतरी म्हणाले, "मागच्या जन्माचं असतं हे." मुलगी शुद्धीवर येण्याआधीच माझ्या मनात शेजाऱ्यांना धाडायच्या नोटिशीचा मसुदा तयार झाला होता.

डॉक्टरांनी गोळ्या वाढवून दिल्या. पण त्यानंतर ऑफिसला जाण्यापलीकडे ती खाली उतरेना. एकदा तिने विचारले, "बाबा, काय केलं असेल मी मागच्या जन्मी?" माझा संताप अनावर झाला. विवाह रद्द ठरवण्याचे कारण म्हणून विवाहाच्या कायद्यात असलेला हा आजार संसदेने वगळला, आणि इथे जन्मांतरीचा खटला अजून चालूच!

हा आजार मागच्या जन्माचा नाही, याचा मला लेखी पुरावा हवा होता. म्हणून तिला घेऊन मी खारी गावातल्या वैद्यबाईंकडे गेलो आणि सरळ म्हणालो, "आयुर्वेदात या रोगाची जी कारणे दिली आहेत, ती सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. शेजाऱ्यांना पाठवायची आहेत."

"काका, आधी गोळ्यांचं सांगा. चालू आहेत ना? त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत." मग त्या मुलीकडे वळल्या. "याला अपस्मार म्हणतात. अपस्मार म्हणजे स्मृती जाणं. वात, पित्त, कफ बिघडतात, मन थकलेलं असतं, आणि दोष हृदयात शिरून शुद्ध हरपते, असं ग्रंथ सांगतो. बाहेरच्या बाधेचाही उल्लेख आहे, तो मी लपवत नाही. पण आधी येतात ती अवेळी आणि विरुद्ध खाणं, मलमूत्राचे वेग अडवणं, चिंता, भय, क्रोध..."

"क्रोध?" मुलगी म्हणाली. "तो बाबांचा धरायचा की माझा?"

"दुसऱ्याचा क्रोध ग्रंथात नाही गं. नाहीतर तुमची अख्खी बिल्डिंग आडवी झाली असती."

मुलगी हसली. किती दिवसांनी! सही-शिक्का मी विसरलोच.

मग वैद्यबाईंनी त्या दिवसाची हकिगत विचारली. आदल्या रात्री ऑफिसच्या कामासाठी जागरण, सकाळपासून पूजेचा निर्जळी उपवास, उपाशीपोटी नको म्हणून सकाळची गोळीही चुकलेली. वैद्यबाई म्हणाल्या, "मागचा जन्म कशाला हवा? आदली रात्र पुरेशी आहे."

रिक्षात मी पुन्हा नोटिशीचा विषय काढला. मुलगी म्हणाली, "काकूंना? बाबा, चप्पल त्यांनी धरली हे तुम्हाला दिसलं. माझं डोकं फरशीवर आपटू नये म्हणून मांडीवर कोणी घेतलं होतं? माझ्या थुंकीने त्यांची नवी साडी खराब झाली. जाग आली तेव्हा त्या माझं तोंड पुसत होत्या."

आयुष्यात मी असंख्य तक्रारपत्रे आणि नोटिसा लिहिल्या; त्या रात्री लिहिले ते पहिले आभारपत्र. सवयीने त्यातही कलमे पडली. कलम एक: मांडीबद्दल ऋणी आहे. कलम दोन: कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. कलम तीन: चप्पल पायातच असावी.

काकूंना मराठी वाचता येत नाही, म्हणून त्यांनी ते मुलीकडूनच वाचून घेतले आणि दारातूनच ओरडल्या, "अंकल, चप्पल नवी होती हां! आज सोसायटीच्या हळदीकुंकवाला हिला खाली पाठवा. माझ्या बाजूला बसेल."

मुलगी पोटभर जेवली, गोळी घेतली आणि जिना उतरून गेली.